बाणकोट, हर्णै, दापोली : दक्षिण कोकणातील मिशन शाळा

महाराष्ट्रातील ख्रिस्ती शाळांचा इतिहास सांगताना मुंबई, अहमदनगर आणि पुणे ही तीन नावे आधी घेतली जातात आणि ते स्वाभाविकही आहे, कारण मोठ्या संस्था, छापखाने आणि गाजलेली धर्मांतरे याच शहरांत घडली. परंतु स्कॉटलंडमधून आलेल्या मिशनऱ्यांनी पश्चिम भारतात आपले पहिले ठाणे मांडले ते यांपैकी कोणत्याही शहरात नव्हे, तर सावित्री नदीच्या मुखावरील बाणकोट या लहानशा बंदरात, म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला. येथे रत्नागिरी जिल्हा म्हणताना जुना, बाणकोटापासून वेंगुर्ल्याच्या पलीकडे गोव्याच्या सीमेपर्यंत पसरलेला जिल्हा अभिप्रेत आहे. १ मे १९८१ रोजी त्याचा दक्षिण भाग सिंधुदुर्ग म्हणून वेगळा झाला. या पट्ट्यात मिशनने काढलेल्या शाळांनी ख्रिस्ती झालेल्यांची संख्या फारशी वाढवली नाही. मात्र शाळा कोणी चालवावी, तिचा खर्च कोणी सोसावा आणि तिच्या उंबऱ्याच्या आत कोणाच्या मुलांनी बसावे, हे प्रश्न त्यांनी गावोगावी उभे केले, आणि त्यांची उत्तरे मिशनपेक्षा इतरांनीच अधिक दिली.

बाणकोटाची निवड मिशनऱ्यांच्या आवडीची नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना प्रवेश मिळू लागला तो १८१३ च्या सनदेनंतर. त्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि त्यांचे सहकारी मुंबईत उतरले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तरी नुकत्याच जिंकलेल्या पुण्यात परधर्माचे प्रचारक पाठवून तेथील ब्रह्मवृंदाला डिवचणे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या सरकारला धोक्याचे वाटत होते. बाणकोटाची गोष्ट वेगळी होती. तो किल्ला १७५५ मध्ये तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्धच्या मोहिमेत इंग्रजांच्या हाती आला आणि तेव्हापासून त्यांच्याकडेच राहिला. त्याला दिलेले ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ हे नाव राणी व्हिक्टोरियाचे असावे असा अनेकांचा समज असतो, पण त्या राणीचा जन्म व्हायला तेव्हा साठाहून अधिक वर्षे अवकाश होता. दक्षिण कोकणचा जिल्हा बनवला गेला तेव्हा कलेक्टरची कचेरीही प्रथम येथेच होती, ती नंतर रत्नागिरीस गेली. सहा-सात दशके इंग्रजी अंमल अंगवळणी पडलेल्या या बंदरात मिशनरी गेले तर गडबड होणार नाही, असा सरकारचा हिशेब होता. स्कॉटिश मिशनरी सोसायटी या मंडळाचे, म्हणजे स्कॉटलंडमधील धर्मनिष्ठ वर्गणीदारांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेचे पहिले प्रतिनिधी डोनाल्ड मिचेल १८२३ मध्ये बाणकोटास आले. पूर्वी ते हिंदुस्थानातल्या फौजेत अधिकारी होते, त्यामुळे देश त्यांना अगदीच अपरिचित नव्हता; परंतु त्याच वर्षी ते मरण पावले. त्यांच्या मागोमाग जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन कूपर आणि जॉन स्टिव्हन्सन हे आले, आणि बाणकोटाबरोबर सुवर्णदुर्गासमोरचे हर्णै हे दुसरे ठाणे झाले.

मिशनऱ्यांनी येथे शाळा आणल्या असे सरधोपटपणे म्हणता येणार नाही, कारण शाळा आधीपासून होत्या. देवळाच्या ओवरीत, एखाद्या खोताच्या पडवीत किंवा व्यापाऱ्याच्या माडीखाली भरणारी पंतोजीची शाळा कोकणातल्या मोठ्या गावांना नवी नव्हती. तेथे मुले धूळपाटीवर, म्हणजे लाकडी फळीवर पसरलेल्या बारीक धुळीत किंवा विटेच्या भुकटीत, टोकदार काडीने अक्षरे गिरवीत; पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई, दिडकी आणि औटकी, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे, सुरात म्हणून घोकले जात, कारण मण, पायली, खंडी आणि रुपये-आणे यांचा तोंडी हिशेब हाच शिक्षणाचा व्यावहारिक हेतू होता. पुढे मोडी लिहिता-वाचता येणे, चार नमुन्यांची पत्रे उतरवून काढणे आणि काही श्लोक पाठ होणे, एवढ्यावर मुलगा तयार झाला असे मानले जाई. छापील पुस्तक नव्हते, इयत्ता नव्हती, तपासणी नव्हती. पंतोजीला मिळे ते धान्य, सणावाराचा शिधा, आणि एखाद्या मुलाची नवी उजळणी सुरू झाली की थोडी दक्षिणा. मुले बहुधा ब्राह्मण, प्रभू, सोनार, वाणी, भंडारी यांसारख्या, लेखणी किंवा तराजूशी संबंध येणाऱ्या घरांतली असत. मुली नसत, आणि महार-चांभारांची मुले तर त्या ओवरीच्या पायरीपर्यंतही येऊ शकत नसत.

मिशनने या व्यवस्थेची जागा घेतली नाही, तर ती पगारावर घेतली. आधीपासून मुले शिकवणाऱ्या पंतोजीलाच दरमहा रोख वेतन द्यायचे, मुलांच्या हजेरीकडे लक्ष ठेवायचे, धूळपाटीच्या जोडीला मुंबईहून आलेली छापील पुस्तके द्यायची आणि मधूनमधून मिशनऱ्याने स्वतः फिरून परीक्षा घ्यायची, अशी ही रीत होती, आणि तिच्यामुळे मूठभर परदेशी माणसांना थोड्या वर्षांत बाणकोट-हर्णैच्या परिसरातील पुष्कळ खेड्यांत शाळा चालवता आल्या. मुलींसाठीही वेगळ्या शाळा काढण्याचा प्रयत्न झाला. या रीतीतली विसंगती मिशनऱ्यांनाही कळत होती. ख्रिस्ताच्या शुभवर्तमानातील उतारा मुलांकडून मोठ्याने वाचून घेणारा शिक्षक सकाळी स्नानसंध्या करून आलेला ब्राह्मण असे, त्या उताऱ्यावर त्याचा काडीचा विश्वास नसे, आणि साहेब गलबतात बसून परत गेला की तो पुन्हा पावकी-निमकीकडे वळे. पंतोजीला ठरलेला रोख पगार मिळत होता, पालकांना फुकट शाळा आणि छापील पुस्तक मिळत होते, आणि मिशनला मायदेशी वर्गणीदारांना कळवायला शाळांची व मुलांची संख्या मिळत होती. यात कोणी कोणाला फसवत होते असे म्हणण्यापेक्षा, तिघांनीही एकमेकांची अट ओळखून सौदा मान्य केला होता असे म्हणणे अधिक न्याय्य ठरते. आणि पुढच्या शंभर वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यात मिशन शाळा जेथे जेथे टिकली तेथे ती याच सौद्यावर टिकली.

या काळातील सरकारी मताचा एक दस्तऐवज पुढील इतिहासासाठी फार महत्त्वाचा ठरला. १८२३-२४ च्या सुमारास शिक्षणविषयक टिपण लिहिताना एल्फिन्स्टन यांनी नोंदवले की, मिशनऱ्यांना सर्वांत खालच्या जातींतील मुलेच सर्वांत चांगले विद्यार्थी म्हणून आढळतात. पण त्याच दमात त्यांनी असेही बजावले की, अशा लोकांना विशेष उत्तेजन देताना सावध राहावे, कारण नवे शिक्षण आधी त्यांच्यात रुजले तर इतर समाज त्याकडे तुच्छतेने पाहील आणि ते पुढे पसरणारच नाही. एल्फिन्स्टन हे त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांत उदार मानले जातात आणि ते खरेही आहे, परंतु या एका तर्काने सरकारी शाळांचा दरवाजा कोणाच्या बाजूने उघडेल हे पुढच्या पिढ्यांसाठी ठरून गेले. अगदी गरीब आणि अस्पृश्य मुलांना शिकवण्याचे काम त्यामुळे मिशनकडेच राहिले, ते मिशनची इच्छा म्हणून जितके, तितकेच सरकारने हात आखडल्यामुळेही.

कोकणातील हे पहिले पर्व मात्र फार टिकले नाही. फेब्रुवारी १८२९ मध्ये याच सोसायटीचे मिशनरी जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट हे मुंबईस उतरले, मराठी शिकण्यासाठी काही महिने हर्णैला राहिले आणि वर्ष संपण्यापूर्वी मुंबईला परतले. मार्गारेट विल्सन यांनी मुंबईत मुलींच्या शाळा उभारल्या आणि जॉन विल्सन यांच्या शाळेतून पुढे विल्सन हायस्कूल व विल्सन कॉलेज झाले. स्टिव्हन्सन यांनी १८३३ मध्ये मराठीचे इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध केले, आणि कोकण व देश दोन्हीकडे राहिलेल्या माणसाची भाषेवरची पकड त्यात दिसते. पुण्याचे दार उघडताच मिशनने आपले बळ तिकडे वळवले. बाणकोट आणि हर्णै मागे पडली आणि १८३५ मध्ये सोसायटीची उरलेली जबाबदारी चर्च ऑफ स्कॉटलंडकडे गेली. जेम्स मिचेल पुण्यास गेले आणि त्यांनी आपले उरलेले आयुष्य तेथेच घालवले. पुण्याच्या ज्या स्कॉटिश मिशन शाळेत १८४१ पासून जोतीराव फुले शिकले ती याच मिशनची, आणि सावित्रीबाईंनी ज्या अध्यापिका वर्गात शिक्षण घेतल्याचे सांगितले जाते तोही मिचेलबाईंचाच. पंतोजीच्या शाळांवर बाणकोटात हात बसवलेली माणसे पुण्यात एका वेगळ्याच विद्यार्थ्याला भेटली, असा हा धागा आहे. कोकणात जे पेरले ते घाटावर उगवले.

बाणकोटानंतर जवळजवळ चाळीस वर्षे दक्षिण कोकणात मिशनचे काम क्षीण राहिले, आणि याच काळात मिशन शाळेविषयी लोकांच्या मनात धास्ती बसली. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मुंबईतील त्या शाळेतून मुलांचे थवे बाहेर पडले; १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावरून मोठे वादळ उठले. श्रीपतच्या बाजूने जे उभे राहिले त्यांत बाळशास्त्री जांभेकर होते, आणि जांभेकर हे पोंभुर्ल्याचे, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच. मुंबईत शिकायला मुलगा पाठवणाऱ्या कोकणातल्या घरांपर्यंत या बातम्या पोचत होत्याच. पुढे १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक मुख्य आज्ञापत्राने, खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण घालून दिले. अनुदान लौकिक विषयांच्या शिक्षणापुरते, धर्मशिक्षणाशी सरकारला कर्तव्य नाही, अशी त्याची मांडणी होती. या अनुदानामुळे मिशन शाळा वर्गणीदारांच्या मर्जीतून थोड्या सुटल्या आणि सरकारी तपासनिसाच्या, अभ्यासक्रमाच्या आणि परीक्षांच्या कक्षेत आल्या.

रत्नागिरी शहरात मिशन आले ते १८७३ मध्ये, आणि ज्या मिशनची ही शाखा होती त्याचा जन्मच शाळांवरील भांडणातून झाला होता. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन बोर्डाचे, म्हणजे अमेरिकन मराठी मिशन चालवणाऱ्या संस्थेचे, मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरास गेले. त्यानंतर थोड्याच काळात, १८५४-५५ मध्ये, बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात पाहणीस आले आणि त्यांनी असा दंडक घातला की, मिशनचा पैसा चर्च उभारण्यासाठी आहे, बिगरख्रिस्ती मुलांना इंग्रजी शिकवून कारकून तयार करण्यासाठी नाही. त्यानुसार मुंबई आणि अहमदनगरच्या इंग्रजी शाळा बंद करण्यात आल्या. ही बाजू वरवर वाटते तितकी संकुचित नव्हती, कारण प्रादेशिक भाषेत काम करावे आणि स्थानिक चर्च लवकर स्वावलंबी व्हावे असा तिचा आग्रह होता. दुसरी बाजू कलकत्त्याचे स्कॉटिश मिशनरी अलेक्झांडर डफ यांची होती. त्यांनी १८३० पासून इंग्रजी शाळेच्या द्वारे वरच्या जातींच्या मनात शिरण्याचा मार्ग घातला होता. वाइल्डर शाळांच्या बाजूचे निघाले, बोर्डाशी त्यांचे बिनसले, १८६१ मध्ये त्यांनी अमेरिकेत मिशन शाळांच्या समर्थनार्थ एक जाडजूड पुस्तक काढले आणि स्वतंत्रपणे कोल्हापुरास परतले. १८७० मध्ये हे काम प्रेस्बिटेरियन चर्चच्या मंडळाने आपल्याकडे घेतले आणि तीन वर्षांनी घाट उतरून रत्नागिरीचे ठाणे उघडले. तथापि या मिशनचे खरे बळ घाटावरच राहिले. विल्यम वॉनलेस यांच्यामुळे मिरजेचे रुग्णालय नावारूपाला आले, सांगलीत शाळा झाली, आणि कोकणात त्यांची ओळख टिकली ती पुढे वेंगुर्ल्याला झालेल्या रुग्णालयामुळे. रत्नागिरी शहरात सरकारी हायस्कूलचा दबदबा एवढा होता की इंग्रजी शिकू पाहणाऱ्या मुलांना मिशनची वाट धरण्याची गरज फारशी पडली नाही.

दापोलीत नेमकी ही गरज होती. जिल्ह्याच्या उत्तर भागातून रत्नागिरीला जाणे म्हणजे खाड्यांमागून खाड्या ओलांडणे, आणि मुंबईला जाणे म्हणजे हर्णैच्या पुळणीवरून पडावात बसून भर समुद्रात उभी असलेली आगबोट गाठणे. या दुरवस्थेची कल्पना धोंडो केशव कर्वे यांच्या प्रसिद्ध आठवणीवरून येते. मुरूडहून सतराव्या वर्षी ते सरकारी परीक्षेला बसण्यासाठी भर पावसाळ्यात, कुंभार्ली घाट चढून, पायी साताऱ्याला गेले, आणि तेथे परीक्षा समितीने त्यांची अंगकाठी पाहून वय कमी असल्याचे ठरवले व त्यांना परत पाठवले. पुढे त्यांना मॅट्रिक होण्यासाठी मुंबईचे रॉबर्ट मनी स्कूल गाठावे लागले, आणि तीही चर्च मिशनरी सोसायटीची, म्हणजे मिशनचीच शाळा होती. नोकरी मुंबईत, नोकरीसाठी इंग्रजी आवश्यक, आणि इंग्रजी शाळा घरापासून चार दिवसांच्या वाटेवर, अशी उत्तर रत्नागिरीची कोंडी होती.

ती कोंडी १८८० मध्ये आल्फ्रेड गॅडने यांनी दापोलीत शाळा काढून काही अंशी फोडली. गॅडने हे ‘सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल’ या १७०१ मध्ये स्थापन झालेल्या, इंग्लंडच्या राजमान्य चर्चशी निगडित संस्थेचे मिशनरी होते. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून शाळेला ‘एस. पी. जी. मिशन हायस्कूल’ म्हणत. दापोली हे तेव्हा समुद्रसपाटीपासून उंचावरचे, थंड हवेचे, जुन्या लष्करी छावणीचे गाव होते आणि ‘कॅम्प दापोली’ हे त्याचे रूढ नाव त्या छावणीवरूनच पडले. चर्च, युरोपियन अधिकाऱ्यांचे बंगले आणि निवृत्त शिपायांची वस्ती यांमुळे मिशनला जागा सोयीची होती, आणि आसपासच्या मुरूड, आंजर्ले, मुर्डी, पालगड अशा गावांतील भिक्षुकी व शेतीवर भागेनाशी झालेली घरे विद्यार्थी पुरवायला तयार होती. योगायोग असा की, याच वर्षाच्या आरंभी, जानेवारी १८८० मध्ये, पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, आणि ते काढणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर आदल्या वर्षापर्यंत रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. ‘निबंधमाले’त मिशनऱ्यांवर कोरडे ओढणाऱ्या चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडून उभारलेली ही शाळा स्वदेशी शिक्षणाचा आरंभ मानली जाते, तरीही तिच्यातून निघालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत, अल्प वेतनावर सारे आयुष्य वाहून घेण्याच्या व्रताची चर्चा जेव्हा झाली, तेव्हा दाखला जेझुइटांचाच, म्हणजे दारिद्र्य आणि आज्ञापालन यांची शपथ घेणाऱ्या कॅथलिक पंथाचा दिला गेला. मिशनशी झुंजणाऱ्यांनी मिशनची कार्यपद्धती मात्र बारकाईने न्याहाळली होती.

दापोलीच्या शाळेतून शिकून गेलेल्यांची नावे पाहिली की सौद्याचे स्वरूप स्पष्ट होते. पांडुरंग वामन काणे यांचे वडील दापोलीत वकिली करीत. काणे याच मिशन शाळेतून १८९७ मध्ये मॅट्रिक झाले, पुढे काही वर्षे रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक होते, आणि त्यांनी इंग्रजीत लिहिलेला ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ हा खंडात्मक ग्रंथ १९३० पासून तीन दशके प्रसिद्ध होत राहिला. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. हिंदू धर्मशास्त्राचा सर्वांत मोठा आधुनिक इतिहासकार ख्रिस्ती मिशनच्या शाळेत घडला ही गोष्ट गॅडने यांच्या वर्गणीदारांना कशी वाटली असती हा प्रश्न मनोरंजक आहे आणि निष्फळही नाही, कारण ज्या इंग्रजीतून काण्यांनी स्मृतींची छाननी जगापुढे मांडली तिचा पाया याच शाळेत घातला गेला. काण्यांनंतर सुमारे पंधरा वर्षांनी पालगडचे पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे साने गुरुजी, याच शाळेत आले. दापोली ते पालगड ही डोंगरवाट ते सुटीत पायी तुडवीत, आणि ‘श्यामची आई’च्या वाचकांना ती परिचित आहे. मिशन शाळांत साधारणपणे रोज एक तास बायबलचा असे. त्या तासाला मुले बसत, दाखले-दृष्टांत ऐकत, परीक्षेत त्यावर प्रश्न आले तर उत्तरे लिहीत, आणि घरी गेल्यावर सोवळ्यात जेवत. साने गुरुजींच्या लिखाणात ख्रिस्ताविषयी पुढे जो जिव्हाळा दिसतो तो सगळाच या तासाच्या खात्यावर मांडणे अतिशयोक्तीचे होईल, तथापि त्याचा मुळीच संबंध नाही असेही म्हणवत नाही.

ही सारी नावे उच्चवर्णीय मुलांची आहेत, हे लक्षात घेतल्यावाचून दापोलीचा इतिहास पुरा होत नाही. त्याच कॅम्पात महार आणि चांभार निवृत्त शिपायांची मोठी वस्ती होती. कंपनीच्या आणि नंतरच्या मुंबई फौजेत शिपायांना व त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय पलटणीतच असे, त्यामुळे ही माणसे साक्षर होती, काही तर पलटणीतल्या शाळांचे शिक्षक होते. पेन्शन घेऊन गावी परतल्यावर मात्र त्यांच्या मुलांना गावच्या शाळेत थारा मिळेना. गोपाळबाबा वलंगकर, मूळचे महाडजवळच्या रावढळचे, १८८६ मध्ये निवृत्त होऊन दापोलीस राहिले आणि त्यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’मार्फत अस्पृश्यांची गाऱ्हाणी मांडायला सुरुवात केली. १८९२ च्या सुमारास येथील पेन्शनरांनी आपल्या मुलांना स्थानिक सार्वजनिक शाळेत घ्यावे म्हणून सरकारकडे अर्ज केला. प्रकरण पुष्कळ लांबले, आणि मुलांच्या वाट्याला शाळेचा ओटा आला. आत वर्ग चाललेला, बाहेर ओट्यावर पाटी मांडीवर घेऊन बसलेली मुले, शिक्षकाने लांबून सांगायचे आणि त्यांनी ऐकून लिहायचे, अशा तडजोडीला तेव्हा प्रवेश म्हणत. हा वाद सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळेशी होता, मिशनशी नव्हता, आणि त्यातच त्याचे महत्त्व आहे. मिशनच्या दयेवर शिकण्याऐवजी कर भरणारे आणि सरकारची चाकरी केलेले नागरिक म्हणून हक्काने शिकण्याची मागणी येथे पुढे आली होती.

बाणकोट ज्या मंडणगड तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील आंबडवे हे रामजी सकपाळ यांचे मूळ गाव. लष्करी शाळेत मुख्याध्यापकी केलेले रामजी निवृत्तीनंतर काही काळ दापोली कॅम्पात कुटुंबासह राहिले आणि पुढे साताऱ्याला गेले. त्यांचे धाकटे चिरंजीव भीमराव आंबेडकर यांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने मुंबई इलाख्यातील दलितांच्या शिक्षणाची कैफियत मांडली, तेव्हा एल्फिन्स्टन यांच्या त्या जुन्या टिपणाचा उतारा त्यांनी पुराव्यादाखल जोडला. इंग्रज सरकारने अस्पृश्यांच्या शिक्षणाकडे अनवधानाने नव्हे तर धोरण म्हणून पाठ फिरवली, हे सिद्ध करायला त्यांना सरकारचाच कागद पुरेसा होता. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनने १८८२ मध्ये शाळांचे दार जातीच्या कारणावरून बंद करू नये हे तत्त्व उच्चारले होते, पण तत्त्व आणि ओटा ही दोन्ही पुढे कित्येक वर्षे शेजारी नांदली. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या विनायक दामोदर सावरकरांना १९२४ नंतरच्या दशकात जिल्ह्यातील शाळाशाळांत जाऊन अस्पृश्य मुलांना इतरांबरोबर सरमिसळ बसवावे यासाठी खटपट करावी लागली, यावरूनच ओट्याची सद्दी किती लांबली हे दिसते. सावरकरांच्या त्या मोहिमेमागे मिशनच्या धर्मांतराची चिंता उघडपणे होती. म्हणजे ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या नगण्य असतानाही, ते होऊ शकतील या शक्यतेने हिंदू समाजाला आपल्या शाळेचे दार उघडायला भाग पाडले.

विसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनचा हा सारा पसारा हळूहळू स्थानिक हातांत गेला. दापोलीची शाळा दापोली शिक्षण संस्थेकडे आली, मात्र ‘आल्फ्रेड गॅडने हायस्कूल’ हे नाव राहिले आणि गावात ती ‘ए. जी. हायस्कूल’ म्हणूनच ओळखली जाते. बायबलचा तास गेला, शाळा मराठी माध्यमाची म्हणून वाढली. रत्नागिरीत ख्रिस्ती शाळा हा शब्द आता उच्चारला तर पुढे येते ते कॅथलिक चर्चशी निगडित सेक्रेड हार्ट कॉन्व्हेंट, आणि दक्षिणेकडे सावंतवाडीचे मिलाग्रिस. या शाळांची परंपरा बाणकोट-दापोलीची नव्हे, तर गोव्याकडून आलेल्या कॅथलिक कुटुंबांची आणि त्यांच्या धर्मगुरू व जोगिणींची आहे. २००५ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर मिळून सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. प्रवेशासाठी रांग लावणारे बहुसंख्य पालक हिंदू आणि मुसलमान असतात आणि त्यांना इंग्रजी माध्यम व शिस्त हवी असते. जुन्या सौद्याला संविधानाने कायद्याची चौकट दिली आहे : अनुच्छेद ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना शाळा स्थापून त्या चालवता येतात, आणि अनुच्छेद २८ प्रमाणे सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कोणालाही, अल्पवयीन असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणाला बसण्याची सक्ती करता येत नाही. त्यामुळे अशा शाळांत कॅथलिक मुले धर्मशिक्षणाच्या तासाला एका वर्गात जातात आणि इतर मुले त्याच वेळी शेजारच्या वर्गात नीतिशिक्षणाचे पुस्तक उघडतात.